चार पांढरे घोडे आणि ४२९ मतं

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी घरात बोलते तेवढीच. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूममेटने तपासलेत, तेव्हा चुका सापडल्या तर तिच्या खात्यावर मांडाव्यात ही विनंती.

गेल्या महिन्यात मेस सेक्रेटरीची निवडणूक झाली ते तुम्हाला आठवत असेलच. चार दिवस अभ्यास बंद, प्रचार चालू. एक उमेदवार म्हणे विदर्भवाल्यांच्या रूमवर जाऊन 'दर रविवारी सावजी' असं कबूल करून आला आणि तासाभरातच जैन ग्रुपला 'तवा वेगळा, भांडी वेगळी' असंही सांगून आला. रात्रभर सबमिशन लिहिणाऱ्यांना बारा वाजता मॅगी, ती वेगळीच. हे सगळं मला ऐकीवच माहीत, कारण आम्ही लेडीज हॉस्टेलच्या मुली जेवतो त्याच मेसमध्ये, बिल भरतो तेवढंच, पण मत फक्त बॉईज हॉस्टेलला. का? तर पहिल्यापासून तसंच आहे! उमेदवारांच्या सभेत माझ्या मैत्रिणीने उभं राहून 'मुलींच्या मताचं काय?' असं विचारलं. जोरदार हशा पिकला आणि 'नेक्स्ट क्वेश्चन' झालं.

त्याच आठवड्यात थर्मोचं पुस्तक शोधताना लायब्ररीच्या चुकीच्या रॅकमध्ये चर्चिलचं जाडजूड चरित्र हाताला लागलं. मधलंच पान उघडलं तर मँचेस्टरची १९०८ ची पोटनिवडणूक. वाचता वाचता मला आमची मेसच दिसायला लागली. थर्मो तसाच राहिला. त्या निवडणुकीबद्दलच हा लेख.

ब्रिटिश पार्लमेंटची जुनी निवडणूक म्हटलं की आपल्याला दादाभाई नौरोजी आठवतात. १८९२ मध्ये ते लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून इतक्या थोडक्या मतांनी निवडून आले की लोक नौरोजीचं गमतीने 'नॅरो-मेजॉरिटी' करायचे. पण त्या निवडणुकांमध्ये उमेदवार मतदाराकडे जाऊन नेमकं काय बोलायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. १९०८ च्या मँचेस्टरमध्ये ते फार स्पष्ट दिसतं.

प्रसंग असा. एप्रिल १९०८ मध्ये अ‍ॅस्क्विथ पंतप्रधान झाले आणि त्यांनी विन्स्टन चर्चिलला व्यापार खात्याचा मंत्री केलं. वय फक्त ३३. आणि आता गंमत बघा. त्या वेळी इंग्लंडमध्ये १७०७ पासूनचा एक कायदा होता. खासदाराने राजाकडून पगारी पद घेतलं की त्याची जागा रिकामी होणार आणि त्याने मतदारांकडून ती परत मिळवायची. हेतू चांगला होता, राजाने पदांची लालूच दाखवून खासदार विकत घेऊ नयेत. पण म्हणजे व्हायचं काय, तर प्रमोशन मिळालं म्हणून परत एन्ट्रन्स द्यायची! (हा नियम १९२६ मध्ये पूर्णपणे गेला.) एरवी विरोधी पक्ष अशा वेळी पुष्कळदा उमेदवारच द्यायचा नाही. चर्चिलच्या बाबतीत मात्र हुजूर पक्षाने सोडलं नाही, कारण चर्चिल मूळचा त्यांचाच. १९०४ मध्ये तो बाक बदलून उदारमतवादी पक्षात जाऊन बसला होता. पक्ष बदलणाऱ्यावरचा राग हा सगळीकडे सारखाच असतो, नाही का?

त्याच्यासमोर हुजूर पक्षाने उभा केला विल्यम जॉयन्सन-हिक्स. पेशाने सॉलिसिटर, टोपणनाव 'जिक्स', मोटारगाड्यांच्या कायद्यातला जाणकार. १९०६ मध्ये याच मँचेस्टर नॉर्थ-वेस्ट मतदारसंघात चर्चिलने त्याला १,२४१ मतांनी पाडलं होतं. तिसरा उमेदवार समाजवादी डॅन आयर्विंग.

मतदार कोण होते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साधारण दहातल्या सहा प्रौढ पुरुषांना मत होतं. स्वतःचं घर चालवणारा किंवा वर्षाला किमान दहा पौंड भाड्याच्या खोलीत राहणारा पुरुष, तोही एका पत्त्यावर वर्षभर टिकलेला. वडिलांच्या घरात राहणाऱ्या मुलाला बहुधा नाही, मालकाच्या घरी राहणाऱ्या नोकराला नाही. (हॉस्टेलवाले तर नक्कीच बाद!) उलट ज्याचं घर एका मतदारसंघात आणि दुकान किंवा ऑफिस दुसऱ्यात, त्याला दोन्हीकडे मत. नॉर्थ-वेस्ट हा शहराचा व्यापारी भाग असल्यामुळे असे शेठजी मतदार तिथे बरेच होते. बायकांना कुणालाच मत नाही. मतदान १८७२ पासून गुप्त पद्धतीने, म्हणजे कुणी शब्द देऊन फिरला तरी पकडता येत नव्हता. खर्चावर १८८३ च्या कायद्याने मर्यादा. मतदार आणायला भाड्याची गाडी करायची नाही, मित्राने फुकट दिली तर चालेल.

आता प्रचार. नेटवर्क थिअरीत आपण सुपरपोझिशन शिकतो ना, प्रत्येक सोर्सचा परिणाम वेगवेगळा काढायचा आणि शेवटी बेरीज करायची. उमेदवाराला वाटतं निवडणूकही तशीच असते. या गटाला हे सांगू, त्या गटाला ते, शेवटी बेरीज! पण तसं होत नाही, कारण एका गटाला दिलेला शब्द दुसऱ्या गटाला ऐकू जातो. चर्चिलचं मँचेस्टरमध्ये नेमकं हेच झालं.

पहिला गट कापड व्यापाऱ्यांचा. मँचेस्टर म्हणजे कापूस. कच्चा कापूस बाहेरून आणायचा आणि कापड जगभर विकायचं. त्यामुळे जकात नको, मुक्त व्यापार हवा, हा तिथला धर्मच होता. जोसेफ चेंबरलेनने १९०३ मध्ये परदेशी मालावर जकात बसवायची मोहीम सुरू केली तेव्हा मँचेस्टरचे हुजूर व्यापारीसुद्धा घाबरले. १९०६ मध्ये उदारमतवादी प्रचारक लोकांना दोन पाव दाखवायचे, मुक्त व्यापाराचा मोठा पाव आणि जकातीचा छोटा पाव. एवढा सोपा प्रचार मी अजून कुठे पाहिला नाही. एक शब्द न वाचता कळतो. त्या पावावर चर्चिल १९०६ मध्ये जिंकला. पण १९०८ मध्ये जकातीची भीती ओसरली होती. सरकार भक्कम बहुमताचं होतं, जकात काही लगेच येत नव्हती. मग ते व्यापारी म्हणाले, चला आता आपल्या घरी, म्हणजे हुजूर पक्षात. भीती दूर केली की भीतीवर मिळालेली मतंही जातात!

इथे एक आडवळण घेते, कारण ते आपल्याकडे येतं. मँचेस्टरचा 'मुक्त व्यापार' मुंबईच्या गिरणगावातून वेगळा दिसत होता. हिंदुस्थान सरकारला पैसा हवा म्हणून आयात कापडावर १८९६ मध्ये साडेतीन टक्के जकात होती. पण मग मुंबईच्या गिरण्यांना फायदा होईल अशी ओरड लँकेशायरने केली, म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के कर बसवला. तो १९२५ च्या अखेरीपर्यंत चालू होता. मँचेस्टरच्या सभांमध्ये ज्या कापडाच्या नावाने टाळ्या पडत होत्या, त्याचा कर भरणाऱ्या मुंबईकराला त्या निवडणुकीत मत असण्याचा प्रश्नच नव्हता. एप्रिलमध्ये ही पोटनिवडणूक झाली. २४ जूनला मुंबईत टिळकांना अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा आणि त्यानंतर गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप. सगळं १९०८ मध्येच, त्याच उदारमतवादी सरकारच्या काळात. हे आपल्याला दोन वेगळ्या धड्यांत शिकवतात, म्हणून जोडलं जात नाही.

असो. परत मँचेस्टर.

दुसरा गट ज्यूंचा. रशियाकडून छळाला कंटाळून आलेली ज्यू कुटुंबं चीथम भागात मोठ्या संख्येने राहत. बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा एलियन्स कायदा हुजूर सरकारने १९०५ मध्ये केला. त्याचा आधीचा मसुदा १९०४ मध्ये आला तेव्हा चर्चिल त्याविरुद्ध जोरात लढला होता, त्यामुळे ज्यू मतदार त्याचे. पण १९०८ मध्ये त्यांचा सरळ प्रश्न होता, की तुमचं सरकार येऊन दोन वर्षं झाली, कायदा अजून जागच्या जागी कसा? आणि नागरिकत्वाची फी अजून पाच पौंड कशी? पाच पौंड म्हणजे साध्या मजुराची कित्येक आठवड्यांची कमाई. चर्चिलने पुढे बघू, प्रयत्न करू असं सांगितलं. जिक्स तर त्या कायद्याच्याच बाजूचा. म्हणजे ज्यू मतदाराला निवड होती 'करू करू' म्हणणारा आणि 'करणार नाही' म्हणणारा यांच्यात.

तिसरा गट आयरिश कॅथलिकांचा, आणि हे प्रकरण सगळ्यात अवघड. आयरिश म्हणून त्यांना होमरूल हवं होतं, आणि ते दिलं तर उदारमतवादीच देणार. (हाच शब्द पुढे १९१६ मध्ये टिळकांनी आणि बेझंटबाईंनी उचलला.) पण कॅथलिक म्हणून त्यांना सरकारचं नवं शिक्षण बिल नको होतं, कारण त्यात चर्चच्या शाळांना धोका दिसत होता. म्हणजे एकाच माणसाचं राजकारण चर्चिलकडे ओढतंय आणि पाद्री दुसरीकडे. चर्चिलने होमरूलबद्दल आधीपेक्षा पुढे जाऊन बोलायला सुरुवात केली, तर तिकडे होमरूलच्या नावाने चिडणारे हुजूर व्यापारी आणखी लांब गेले. सुपरपोझिशन फेल!

आणि चौथा गट दारूवाल्यांचा. सरकारने त्याच वर्षी परवाना बिल आणलं होतं. चौदा वर्षांत सुमारे एक तृतीयांश पब बंद करायचे असा त्याचा अंदाज. ब्रुअरी मालक आणि पबवाले भडकले आणि जिक्सच्या मागे उभे राहिले. यातला विनोद असा, की जिक्स स्वतः लहानपणापासून दारूला न शिवणारा, पक्का सोवळा माणूस! पण पाठिंबा आला तर नको कोण म्हणतो?

या परवाना बिलात एक छोटं कलम होतं. बायकांना बारमध्ये नोकरीवर ठेवायला बंदी घालता येईल असं. हेतू काय तर त्यांच्या नीतीचं रक्षण. ज्यांचं रक्षण होणार होतं त्यांना कुणी विचारलं नाही, कारण त्यांना मत नव्हतं. त्यांची रोजीरोटी मात्र जाणार होती. तेव्हा मँचेस्टरमध्ये गरीब कामगार बायकांसाठी काम करणाऱ्या दोघीजणी, ईव्हा गोर-बूथ आणि एस्थर रोपर, या बारमेड्सच्या बाजूने चर्चिलविरुद्ध प्रचारात उतरल्या. ईव्हाची बहीण कॉन्स्टन्स मार्किएव्हिच आयर्लंडहून आली. तिने चार पांढऱ्या घोड्यांची बग्गी स्वतः हाकत मँचेस्टरच्या रस्त्यांवरून फिरवली. गर्दीतून एकाने विचारलं, बाई, स्वयंपाक येतो का? ती म्हणाली येतो की, तुला चार घोड्यांची गाडी हाकता येते का?

(हा प्रसंग मी मेसमध्ये मोठ्याने सांगितला तेव्हा आमच्या टेबलावर ताटं वाजली. पलीकडचं टेबल गप्प.)

शिवाय मताचा हक्क मागणाऱ्या सफ्रजेट्स होत्याच. त्यांची चर्चिलशी जुनी ओळख. १३ ऑक्टोबर १९०५ ला मँचेस्टरच्याच फ्री ट्रेड हॉलमध्ये उदारमतवाद्यांची सभा होती, चर्चिल तिथे हजर होता. क्रिस्टाबेल पँकहर्स्ट आणि अ‍ॅनी केनी या दोघींनी उभं राहून विचारलं, तुमचं सरकार आलं तर बायकांना मत देणार का? उत्तर नाही. परत विचारलं तर बाहेर काढलं, दंड केला. त्यांनी दंड भरायला नकार देऊन तुरुंगात जाणं पसंत केलं. १९०८ मध्ये त्यांच्या संघटनेचं धोरण अगदी सोपं होतं. जोपर्यंत सरकार मत देत नाही तोपर्यंत सरकारचा उमेदवार पाडायचा, मग तो माणूस वैयक्तिक कितीही गोड बोलो. चर्चिल गोड बोललाही. पण मंत्रिमंडळाच्या वतीने कबूल करायची त्याची तयारी नव्हती.

मला हे धोरण आधी चुकीचं वाटलं. समोरचा जिक्स काय मोठा स्त्रियांचा कैवारी होता? मग असं करून काय मिळणार? पण विचार करता वाटलं, ज्याच्याकडे मत नाही त्याच्याकडे दुसरं असतं काय? एखाद्याला जिंकवायची ताकद नसते, पण मत असलेल्याच्या कानाशी आवाज करून त्याला हरवायची थोडीफार ताकद असते.

मतदान २४ एप्रिल १९०८ ला झालं. निकाल असा: जॉयन्सन-हिक्स ५,४१७, चर्चिल ४,९८८, आयर्विंग २७६. मंत्री ४२९ मतांनी पडला!

समाजवाद्याने मतं खाल्ली असं म्हणायची सोय नाही. आयर्विंगची सगळीच्या सगळी २७६ मतं चर्चिलला दिली तरी ५,२६४ होतात, म्हणजे हारच. (लेखक एच. जी. वेल्सने तर समाजवादी असूनही आयर्विंगऐवजी चर्चिलला मत द्या असं जाहीर पत्र लिहिलं होतं.) पण ४२९ चा फरक उलटवायला २१५ माणसं इकडून तिकडे जायला हवी होती. फक्त २१५! म्हणून निकालानंतर सगळेच म्हणू शकत होते, की आम्हीच पाडलं. पबवाले, पाद्री, सफ्रजेट्स, बारमेड्सच्या बाजूचे, व्यापारी, सगळे. आणि कुणालाच खोटं ठरवता येत नव्हतं, कारण मत गुप्त. माझा स्वतःचा अंदाज व्यापाऱ्यांवर आहे. १९०६ च्या तुलनेत चर्चिलची ६५१ मतं कमी झाली, पण जिक्सची १,०१९ वाढली. एवढी वाढ नुसत्या नाराजीने होत नाही, कुणीतरी परत घरी यावं लागतं. पण हा अंदाजच. ईव्हाच्या बाजूच्या माझ्या रूममेटला तो मान्य नाही.

चर्चिल फार दिवस रिकामा राहिला नाही. लगेच स्कॉटलंडमधल्या डंडी गावातून बोलावणं आलं. तिथला खासदार लॉर्ड्समध्ये गेल्यामुळे जागा मोकळी होती. डंडी म्हणजे ताग. कच्चा ताग बंगालमधून यायचा आणि डंडीत त्याची पोती व्हायची. तोवर हुगळीच्या काठावर कलकत्त्याच्या गिरण्याही उभ्या राहिल्या होत्या आणि डंडीचा धंदा खात होत्या. डंडीच्या गिरण्यांत बहुतेक कामगार बायका, म्हणजे पगार आणणारी बाई आणि मत घरी बसलेल्या नवऱ्याला! तिथे मेरी मलोनी नावाची एक कार्यकर्ती हातात मोठी घंटा घेऊन चर्चिलच्या मागे लागली. बायकांबद्दल त्याने जे बोललं त्याची माफी हवी होती तिला. त्याने बोलायला तोंड उघडलं की ही घंटा वाजवायची. एका सभेत तर त्याला भाषण सोडून निघून जावं लागलं.

तरी ९ मे १९०८ ला तो २,७०९ मतांनी आरामात जिंकला. शेवटच्या नंबरावर होता दारूबंदीवाला एडविन स्क्रिमजर, ६५५ मतं. हा माणूस मला फार आवडला. पडला, पण परत उभा राहिला. १९१० मध्ये दोनदा, मग १९१७, मग १९१८. ए.टी.के.टी. म्हणजे काय हे याच्याकडून शिकावं. १९२२ मध्ये सहाव्यांदा उभा राहिला तोवर तिशीच्या पुढच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं होतं. चर्चिलचं नुकतंच अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, त्याच्या वतीने बायको तान्ह्या मुलीला घेऊन प्रचार करत होती. स्क्रिमजरला ३२,५७८ मतं, चर्चिलला २०,४६६. दारूबंदीच्या नावावर ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेला तो एकमेव माणूस.

बग्गीवाली कॉन्स्टन्स मार्किएव्हिच १९१८ मध्ये तुरुंगात असताना डब्लिनमधून निवडून आली. ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली स्त्री तीच, पण आयर्लंडसाठी तिने ती जागा घेतली नाही.

आणि जिक्स? १९२४ मध्ये तो आणि चर्चिल एकाच मंत्रिमंडळात आले, कारण चर्चिलने बाक परत बदललं होतं! जिक्स गृहमंत्री, चर्चिल अर्थमंत्री. फेब्रुवारी १९२५ मध्ये बायकांच्या मतावर चर्चा चालू असताना लेडी अ‍ॅस्टरने जिक्सला मध्येच अडवून विचारलं, पुढच्या निवडणुकीत पुरुषांसारखंच मत देणार का? आणि जिक्स चक्क 'हो' म्हणाला. सहकाऱ्यांना धक्काच बसला, चर्चिलने तर मंत्रिमंडळात विरोध केला. पण शब्द सुटला तो सुटला. १९२८ मध्ये एकविसाव्या वर्षी सगळ्या बायकांना मत देणारं बिल सभागृहात मांडायला उभा राहिला तो जिक्सच.

आमची मेसची पुढची निवडणूक जुलैमध्ये आहे. लेडीज हॉस्टेलच्या सह्यांचा अर्ज सध्या रेक्टर मॅडमच्या टेबलावर आहे. सह्या अजून घेतोय, रूम नंबर विचारून या.